ईएसआयसीचा बेकारी भत्ता : ऑनलाइन अर्ज केला, पण तो नेमका कुठे अडकलाय हे कसं कळणार?

अबोली_

नमस्कार मंडळी, थेट विषयावर येते.

चाकणच्या बाजूला एका कारखान्यात क्वालिटीला होते. ऑर्डरी आटल्या आणि आमच्या लाइनवरच्या बऱ्याच जणांना एका संध्याकाळी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. पगारातून दरमहा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जायची. अशांना नोकरी गेल्यावर 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने'तून काही दिवस भत्ता मिळतो, हे मैत्रिणीकडून कळलं. विमाधारकाच्या लॉगिनमधून अर्ज भरला, आधार आणि पासबुकाचं पहिलं पान चढवलं, अर्जाचा क्रमांकही मिळाला.

तेव्हापासून स्टेटस उघडलं की एकच शब्द : पेंडिंग. आता हे पेंडिंग म्हणजे नक्की कुणाच्या टेबलावर? शाखेत जाऊन बसायचं की घरी बसून वाट बघायची? आणि कंपनीला फोन करायलाच लागेल का? त्या लोकांशी पुन्हा बोलायची खरंच इच्छा नाही. ज्यांना हा भत्ता मिळालाय त्यांनी कृपया अनुभव लिहा.

खडूशेठ

यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण जाणकार येईपर्यंत धागा वर राहावा म्हणून हा प्रतिसाद.

गावठी_कोड

मी या वर्षीच यातून गेलोय. पहिला सल्ला : दर तासाला स्टेटस उघडणं बंद करा. गॅस न पेटवता दूध कधी उतू जातंय ते बघत उभं राहण्यातला प्रकार आहे. अडलेलं सहसा दुसरीकडे असतं. ते कुठे, हे हिशेबनीस काका नीट सांगतील. त्यांना हाक मारतो.

जुना_हिशेबनीस

हाक ऐकली. कारखान्यांची पगारपत्रकं करण्यातच आयुष्य गेलं, त्यामुळे मालकाच्या बाजूने काय घडतं ते सांगतो.

अबोलीताई, स्टेटसच्या पानावर फक्त शेवटची पायरी दिसते. अर्ज शाखा कार्यालयात गेला की तिथला माणूस तुमची नोंद उघडतो. त्याला जे दिसतं त्यातलं बरंचसं तुम्हालाही त्याच लॉगिनमध्ये दिसतं : तुमच्या वर्गणीचा महिनावार तक्ता. तो उघडा. कुठल्या महिन्यात किती दिवस भरले, किती पगार दाखवला, सगळं त्यात आहे.

मालक दर महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरतो. कामगाराचे दिवस शून्य असतील तर यादीतून कारण निवडावं लागतं : रजेवर, काम सोडलं, निवृत्त, संप किंवा टाळेबंदी, कामगार कपात, काम नाही, वगैरे. 'काम सोडलं' किंवा 'कपात' निवडलं की शेवटच्या दिवसाची तारीखही द्यायची असते. आता मेख ऐका. हे काम करणारा पोरगा घाईत असतो. तो सरसकट 'रजेवर' टाकून मोकळा होतो. झालं! कागदोपत्री तुम्ही अजून त्याच्याच नोकर. बेकार नसलेल्या माणसाला बेकारी भत्ता कसा मंजूर होणार? मग शाखा मालकाकडून खातरजमा मागवते, मालक उत्तर देत नाही, आणि तुमच्या पडद्यावर पेंडिंग.

दुसरं, दिवस मोजा. वर्गणीचे कालखंड दोन, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. विमा असलेली नोकरी किमान दोन वर्षांची हवी. बेकार होण्याच्या लगेच आधीच्या कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालखंडांपैकी एकात पुन्हा ७८. (२०१८ मध्ये योजना आली तेव्हा चारही कालखंडांत ७८ लागायचे. २०२० मध्ये ते सैल केलं.) मालकाने दोन-तीन महिने वर्गणी थकवली असेल तर तुम्ही रोज कामावर गेलात तरी तक्त्यात दिवस कमी दिसतात.

तिसरं, नोकरी जाऊन ३० दिवस झाले का? त्याआधी हक्क लागू होत नाही. पूर्वी ९० दिवस थांबावं लागायचं, म्हणजे जेवणाची वेळ टळून गेल्यावर ताट.

अबोली_

बापरे काका, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. ३० दिवस उलटून गेलेत. तक्ता आज रात्री बघते.

निवांत_पाटील

एक भाबडा प्रश्न. एवढ्या उस्तवारीनंतर हातात पडतात किती? चहापाण्याचे पैसे असतील तर त्यापेक्षा दुसरी नोकरी शोधायला दोन दिवस जास्त दिलेले बरे.

जुना_हिशेबनीस

पाटील, हिशेब साधा आहे. चार कालखंडांची मिळून जी कमाई, तिला ७३० ने भागायचं. आली रोजची सरासरी. तिच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस. आधी पाव हिस्साच मिळायचा, २०२० मध्ये कोरोनाच्या दणक्यानंतर २५ टक्क्यांचे ५० केले.

पगार १८,००० धरा. दोन वर्षांचे ४,३२,०००. भागिले ७३० म्हणजे साधारण ५९२ रोज. त्याचे निम्मे २९६. ९० दिवसांचे साडेसव्वीस हजारांच्या वर. चहापाणी म्हणायचं असेल तर म्हणा, पण ज्याच्या घराचं भाडं थकलंय त्याला विचारून म्हणा.

निवांत_पाटील

बरं बाबा, शब्द मागे. मला वाटलं होतं हजार-दोन हजारांचा मामला असेल.

शुद्धलेखक

मला या सगळ्याचा मूळ विचारच पटत नाही. धडधाकट माणसाने सरकारकडून फुकटचा भत्ता का घ्यावा? आमच्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी हातगाडी लावली, कुणापुढे हात पसरला नाही.

रानपाखरू

झालं सुरू. लेखकराव, यात फुकट काय आहे? पगाराचे पाऊण टक्का कामगाराचे कापतात, सव्वातीन टक्के मालक भरतो. १८,००० वर महिन्याला १३५ माझे आणि ५८५ मालकाचे. हा विमा आहे. गाडी ठोकल्यावर विम्याचे पैसे घेताना कुणी 'हात पसरला' म्हणत नाही.

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण त्यांना हा पर्याय असता तर हातगाडीचं भांडवल त्यातूनच उभं राहिलं असतं.

शुद्धलेखक

विम्याचा मुद्दा मान्य. तरीही सवय लागते हे माझं मत कायम.

गावठी_कोड

आयुष्यात मिळून ९० दिवस मिळतात हो! सवय लागायला तेवढ्यात तर मोबाइलचा नवा लॉकसुद्धा अंगवळणी पडत नाही.

खडूशेठ

धाग्याचा काश्मीर होण्याआधी मूळ विषयावर या रे. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

मीठभाकर

आमाला बी एक सांगा. आमच्या पोराचा पगार २४ हजार हाय, त्याची बी नोकरी गेली गेल्या म्हैन्यात. त्यानं ह्यो अर्ज करावा का?

जुना_हिशेबनीस

भाऊ, ईएसआयची पगारमर्यादा २१,००० आहे, २०१७ च्या जानेवारीपासून. पोराच्या पगारपत्रकावर ईएसआयची कपात आहे का ते आधी बघा. नसेल तर या योजनेत तो बसत नाही. मात्र पगार मध्येच २१ च्या वर गेला असेल तर तो चालू कालखंड संपेपर्यंत वर्गणी सुरूच ठेवावी लागते, म्हणून जुने कागद बघून मगच नाही म्हणा.

मीठभाकर

कापत न्हाईत. म्हंजी आमाला फकस्त पीएफ.

आयटीतला_हमाल

आमची पण तीच गत, दादा. पगार मोठा दिसतो, पण नोकरी गेली की सरकारच्या लेखी आम्ही आहोतच कुठे. पीएफ हाच आमचा बेकारी भत्ता. मी तर सगळा काढून घेतला, कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

जुना_हिशेबनीस

हमालशेठ, नाइलाज असतो हे कळतं. पण बाकीच्यांनी सरसकट तसं करू नये. पाच वर्षांची सलग नोकरी नसेल आणि रक्कम ५०,००० च्या वर असेल तर त्यातून करही कापला जातो. पेन्शनच्या भागाबाबत तर नोकरी दहा वर्षांच्या आतली असली की पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येतं, पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडली जातात. तिशीतल्या माणसाने हे जरूर बघावं.

आयटीतला_हमाल

बघितलं असतं, पण त्या महिन्यात पोराची फी होती. असो.

पीएफचा दावा तपासण्याबद्दल मात्र सांगू शकतो. यूएएनने (पीएफचा कायमचा क्रमांक) लॉगिन केलं की दाव्याचं स्टेटस दिसतं, उमंग ॲपवरही. माझा पहिला दावा फेटाळला गेला होता, कारण मालकाने नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती. एचआर फोन उचलेना. मग कळलं की शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की ती तारीख आपली आपल्यालाच आधारच्या ओटीपीवर भरता येते, 'मॅनेज' खाली 'मार्क एक्झिट' आहे. त्यानंतर गाडी सुरळीत.

रानपाखरू

ईएसआयमध्ये अशी स्वतः तारीख भरायची सोय असती तर निम्मे धागे बंद पडले असते.

बर्लिनची_मावशी

रच्याकने (जाता जाता), इकडे जर्मनीत नोकरी जाणार हे कळलं की तीन दिवसांच्या आत रोजगार कार्यालयाला कळवावं लागतं, नाहीतर सुरुवातीचे काही दिवस भत्ता बंद. एरवी निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७, पन्नाशीच्या आत असाल तर जास्तीत जास्त वर्षभर. अर्जाचं सगळं ऑनलाइन दिसतं.

खडूशेठ

मावशी, जखमेवर मीठ जर्मनीचं लागलं काय नि खेवड्याच्या खाणीतलं लागलं काय, झोंबतं तेवढंच.

बर्लिनची_मावशी

अरे, चिडवत नाहीये! कागदांसाठी इथेही डोकं फुटायची वेळ येते. जुन्या मालकाने नोकरीचा दाखला उशिरा पाठवला म्हणून माझ्या शेजारणीचाही अर्ज लोंबकळला होता. मालक तो मालकच.

मीठभाकर

गावाकडं रोजगार हमीत बी असंच हाय बगा. २००५ च्या कायद्यात लिवलं व्हतं, काम मागितल्यापासनं १५ दिवसांत काम न्हाई दिलं तर बेकारी भत्ता, पैले ३० दिवस मजुरीच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी न्हाई, फुडं निम्म्यापेक्षा कमी न्हाई. पन मागनीची तारीखवाली पोचच कुनी घेत न्हाई. तोंडी मागितलं तर कशाचा भत्ता नि कशाचं काय! आमी गावात आता पोच घेतल्याबिगर उठत न्हाई.

जुना_हिशेबनीस

+१. या अख्ख्या धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य मीठभाकर यांनी लिहिलंय. पोच घ्या.

अबोली_

तक्ता बघितला. दोन गोष्टी कळल्या आणि दोन्हींनी डोकं गरगरलं.

शेवटच्या महिन्याच्या पुढे शून्य दिवस आणि कारण 'रजेवर'. काकांनी कुंडली मांडून सांगितल्यासारखंच. दुसरं म्हणजे मालकाच्या जागी मी जिथे काम करत होते त्या कंपनीचं नावच नाही. वेगळंच नाव आहे. खूप वेळाने लक्षात आलं, हा तर लेबर कॉन्ट्रॅक्टर! ओळखपत्र कंपनीचं, गणवेश कंपनीचा, सुपरवायझर कंपनीचा, आणि मी कागदावर त्याची.

अर्जात मालक म्हणून मी कंपनीचं नाव लिहिलं नव्हतं, मालकाचं नाव आपोआप आलं होतं. मी नीट बघितलं नाही इतकंच. आता कुणाशी बोलू?

गावठी_कोड

माझीही हुबेहूब हीच कथा. आपण कंपनीच्या एचआरला फोन करत राहतो, ते म्हणतात 'तुम्ही आमच्या पटावर नाहीच.' खोटं बोलत नसतात ते, दुर्दैवाने.

जुना_हिशेबनीस

ताई, बरं झालं. आता कंपनीशी बोलायची गरजच उरली नाही, तुमचा तोही प्रश्न सुटला. कॉन्ट्रॅक्टरच्या पगार बघणाऱ्या माणसाला गाठा. भांडू नका, त्याला फक्त एवढंच म्हणा : शेवटचा दिवस अमुक तारीख, कारण दुरुस्त करा, आणि तसं पत्र शाखेला द्या. फोनवर बोलणं झालं की तेच मेलवर लिहून पाठवा. त्या मेलची छापील प्रत, शेवटची पगारपावती आणि अर्जाचा क्रमांक घेऊन शाखेत जा, साध्या कागदावर अर्ज द्या, वर शिक्का-तारखेची पोच घ्या. शाखा मग स्वतः त्याला विचारते आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक विचारतो. जाताना कशावर सही घेतली का?

अबोली_

हो. एक छापील कागद होता, 'वैयक्तिक कारणास्तव काम सोडत आहे' असा. सही केल्याशिवाय शेवटचा पगार मिळणार नाही म्हणाले. सगळ्यांनीच केली.

जुना_हिशेबनीस

हेच ऐकायची भीती होती. इतर वाचकांसाठी मुद्दाम लिहितो, कारण भत्त्यापेक्षा हे प्रकरण मोठं आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपात करून काढायचं तर कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. छापील राजीनाम्याने हे सगळं वाचतं, म्हणून तो कागद.

ईएसआयमध्येच जुनी दुसरी योजना आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासूनची. कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर कपात झाली, तर तिच्यात २४ महिन्यांपर्यंत भत्ता आहे. पहिले १२ महिने सरासरी रोजंदारीच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५. कागदावर 'वैयक्तिक कारण' आलं की तिचं दार बंद. तीन महिने आणि दोन वर्षं यातला फरक त्या एका सहीत आहे.

गैरवर्तनाबद्दल काढलं, निवृत्ती झाली किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर अटल योजनेतही काही नाही. तुमचं तसं नाही, म्हणून अर्ज सोडू नका. आणि सगळ्या जणींनी मिळून कामगार आयुक्तांच्या कार्यालयात एकदा जा. एकटी गेलात तर ऐकून घेतात, दहा जणी गेलात तर लिहून घेतात.

शुद्धलेखक

पगार अडवून राजीनामा लिहून घेणं हा चक्क दरोडा आहे. वरचं माझं सवयीबद्दलचं वाक्य या प्रकरणाला लागू नाही, हे नोंदवतो.

रानपाखरू

लेखकरावांनी मत बदललं! वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे)!

शुद्धलेखक

मत बदललेलं नाही. व्याप्ती मर्यादित केली.

सदाफुली७

थोडं पुढचं लिहिते. मंजूर झालं म्हणजे पैसे आले असं समजू नका. भावाचा अर्ज मंजूर दिसत होता, खात्यात दमडी नाही. त्याची बँक मागे दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली होती आणि नोंदीत जुनाच आयएफएससी कोड. पैसे गेले आणि परत फिरले. नवा कोड असलेलं पासबुक नेऊन खात्याची माहिती बदलली, मग जमा झाले. आधारवरचं नाव, बँकेतलं नाव आणि ईएसआयमधलं नाव एकदा शेजारी ठेवून वाचा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी तर नक्कीच.

आणि हो, 'तुमचा भत्ता मंजूर झाला, ओटीपी सांगा' असा फोन भावाला आला होता. तो सायबर कॅफेत अर्ज भरून आला होता, मागची प्रिंट तिथेच राहिली होती, एवढंच सांगते.

गावठी_कोड

ओटीपीवाल्यांचं ट्रॅकिंग पोर्टलपेक्षा तेज आहे, हे मात्र मानलं पाहिजे.

कुणाला चौकशी करायची असेल तर ईएसआयसीचा टोल फ्री १८००-११-२५२६. तिथे फक्त पडद्यावरचंच वाचून दाखवतील असं वाटत असेल तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर लिहा. तिथे तक्रारीला क्रमांक पडतो आणि कुणीतरी लेखी उत्तर देतं. मी पुढे माहिती अधिकारात अर्ज टाकला होता, दहा रुपयांत. 'माझा अर्ज सध्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि प्रलंबित असण्याचं कारण काय' एवढाच प्रश्न. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

अबोली_

अपडेट. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आधी 'बघतो, करतो' करत होता. मेल टाकली, मग दोघी मैत्रिणींनीही आपापल्या नावाने टाकल्या. मग त्याचाच फोन आला. पत्र शाखेत पोचलंय, माझ्या अर्जावर पोच आहे. शाखेतल्या बाईंनी माझ्यासमोरच नोंद उघडली आणि म्हणाल्या की आता तारीख दिसतेय. स्टेटस मात्र अजून पेंडिंगच.

कामगार आयुक्तांकडे सोमवारी जातोय, सगळ्या मिळून. राजीनाम्याचं काय होईल माहीत नाही. हिशेबनीस काका, अर्जाचा मसुदा संपर्कातून पाठवला तर एकदा नजर घालाल का?

जुना_हिशेबनीस

पाठवा. सगळ्यांच्या रुजू झाल्याच्या तारखा आणि शेवटचा दिवस असा तक्ता सोबत जोडा. कथा कमी, तारखा जास्त.

नवी_पालवी

नमस्कार, धागा वाचून सदस्य झाले. माझ्या नवऱ्याचाही अर्ज असाच अडकलाय. वर्गणी चार कालखंड भरलेली आहे, कारण 'काम नाही' असं आहे. त्यांचा विमा क्रमांक आणि मोबाइल नंबर खाली देते आहे, कुणी तपासून सांगू शकेल का?

(मजकूर संपादकांनी काढला.)

सदाफुली७

अगं बाई, वरचा ओटीपीवाला किस्सा वाचला नाहीस का! असं उघड्यावर देऊ नकोस, आमच्यापैकी कुणालाही ते तपासता येत नाही. यजमानांनाच लॉगिन करायला सांग.

नवी_पालवी

सॉरी सॉरी. लॉगिनला जो मोबाइल जोडलाय तो नंबर बंद झालाय, तिथेच गाडी अडली आहे.

जुना_हिशेबनीस

मग आधी तो नंबर बदलून घ्या. आधार आणि विमा क्रमांक घेऊन त्यांनी स्वतः शाखेत जावं. कारण 'काम नाही' असेल तर शेवटच्या दिवसाची तारीख मालकाने कुठेच दिलेली नसणार, तेही तिथेच विचारा. सकाळी लवकर जा, दुपारच्या जेवणाआधी काम होतं.